पट्टा सोडला की गिर्यारोहण संपतं का? : अपघात-नोंद समितीला खुलं पत्र

प्रति,
अपघात-नोंद समितीचे सर्व सदस्य

विषय : आपल्या यादीतून वगळलेलं एक नाव आणि ते वगळण्याची रीत

स. न. वि. वि.

आपलं पत्र गेल्या महिन्यात मिळालं. लहान आहे, त्यामुळे पाठच झालं. ‘आपल्या बंधूंचा अपघात ट्रेकिंगच्या स्वरूपाचा असून त्या वेळी दोर वापरात नव्हता. सबब सदर मृत्यूचा समावेश गिर्यारोहण अपघातांच्या नोंदीत करता येत नाही. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.’ ‘सबब’ हा शब्द मी रोज लिहिते. तो समोरून आल्यावर कसा लागतो ते पहिल्यांदा कळलं.

मी एका नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसते. एकोणीस वर्षं झाली. मेलेल्या माणसाला कुठल्या रकान्यात बसवायचं हा प्रश्न मला नवा नाही. कायमचा पत्ता कुठला धरायचा यावरून दोन सख्खे भाऊ खिडकीसमोर हमरीतुमरीवर आलेले पाहिलेत. रकाने लागतात, हे मला कुणी समजावायला नको. तेव्हा ‘यादीबिदी कशाला, गेलेला माणूस परत येणार आहे का’ असल्या सुरातलं हे पत्र नाही. यादी हवी, नीट हवी. तुमची नीट नाही, एवढंच म्हणायचंय. चारचौघांत म्हणते आहे, कारण खासगीत धाडलेल्या तीन पत्रांना मिळून वरचं एवढंच उत्तर आलं.

आधी काय झालं ते सांगते, कारण तुमच्या बैठकीत ते कुणी पूर्ण वाचलं असेल असं मला वाटत नाही.

माझ्या पाठचा भाऊ डिसेंबरातल्या एका रविवारी गेला. जागेचं नाव लिहीत नाही. पायथ्याच्या गावाला त्या आठवड्यात कॅमेरेवाल्यांनी पुरेसा ताप दिला आहे. घाटावरून कोकणात उतरणारी जुनी वाट, राबता जवळपास मोडलेला. सातजण आणि वरच्या गावातला एक वाटाड्या. निम्म्यावर पंचवीसेक फुटांचा कातळटप्पा आहे. तिथे त्यांनी दोर लावला, दोराला अडकवायचे हार्नेसचे पट्टे कमरेला चढवले, एकेक करत सगळे खाली आले. भाऊ शेवटून दुसरा. खाली आल्यावर दोर गुंडाळला, पट्टे सोडले, सॅकमध्ये कोंबले, चिक्की खाल्ली. चिक्कीचं मला त्याच्या मित्राने दोनदा सांगितलं, जणू त्यात काही सापडेल. पुढे कड्याच्या पोटातून आडवी वाट होती. पाऊल मावेल एवढी रुंद, वर वाळलेलं गवत, खाली घसारा. पंधरा मिनिटं चालले असतील. गवतावरून पाय सरकला.

वाटाड्याने त्याच्या सॅकचा बंद धरला होता. तोही वीसेक फूट घसरला आणि कारवीत अडकला, म्हणून वाचला. भाऊ सुमारे २०० फूट खाली गेला.

पडला घाटावरच्या तालुक्यात, सापडला कोकणातल्या. हद्द कुणाची यावर दोन ठाण्यांचे फोन तासभर चालले. बचावपथकातली मुलं चारच्या सुमाराला पोचली. कुणी बँकेत, कुणाचं हार्डवेअरचं दुकान. त्यांनी मित्रांना एवढंच विचारलं, ‘वजन किती असेल?’ मग बांबू तोडले, झोळी बांधली आणि रात्री साडेदहाला त्याला रस्त्याला आणलं. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते, असं १९६९ चा कायदा सांगतो. त्यामुळे घाटावर जन्मलेल्या, घाटावर राहिलेल्या माझ्या भावाची नोंद कोकणातल्या एका ग्रामपंचायतीत आहे. मी स्वतः दाखला आणायला गेले. ग्रामसेवकाने पाच मिनिटांत दिला आणि चहा पाजला. कायद्याला हे इतकं सरळ ठरवता आलं, तेव्हा तुम्हालाही येईल असं वाटून मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं.

आता कागदांचं ऐका. पंचनाम्यात त्याच्या सामानाची यादी आहे : ‘निळ्या रंगाची पाठीवरची बॅग एक, त्यात पाण्याची बाटली एक, स्टीलचा डबा एक, नायलॉनचा पट्टा एक, लोखंडी कड्या दोन.’ लोखंडी नाहीत त्या, अॅल्युमिनियमच्या आहेत. कॅराबिनर, दोर अडकवायच्या कड्या. पण हवालदाराने जे दिसलं ते प्रामाणिकपणे लिहिलं. पोलिसांच्या लेखी हा ‘पाय घसरून पडून आकस्मिक मृत्यू’.

विमा कंपनीने तोच पंचनामा मागवला. तिचं उत्तर आलं की मयताजवळ गिर्यारोहणाचं साहित्य सापडलं आहे, गिर्यारोहण पॉलिसीत अपवाद म्हणून नमूद आहे, दावा नामंजूर. नायलॉनचा पट्टा एक, लोखंडी कड्या दोन, यावर माझ्या भावजयीचे आणि दुसरीतल्या भाचीचे पैसे अडले.

आणि तिसरा कागद तुमचा. पट्टा सॅकमध्ये होता, कमरेला नव्हता, म्हणून तो ट्रेकर.

मला हसावं का रडावं कळेना. कंपनीला पट्टा दिसला म्हणून तो गिर्यारोहक झाला आणि तुम्हाला तो कमरेला दिसला नाही म्हणून झाला नाही. जिथे जे सोयीचं तिथे ते.

इथे एक कबुली देऊन टाकते, नाहीतर उद्या तुमच्यातलाच कुणी ती बाहेर काढेल. तुमचं पत्र आम्ही विमा कंपनीला दाखवलं. वकिलाने सुचवलं, ‘बघा, गिर्यारोहकांची समितीच म्हणतेय की हे गिर्यारोहण नव्हे.’ दाखवलं, खोटं का बोलू. कंपनीने कळवलं की सदर समिती मान्यताप्राप्त प्राधिकरण नाही. प्रकरण आता विमा लोकपालांकडे आहे. म्हणजे तुमच्या यादीत त्याचं नाव यावं म्हणून मी भांडते आहे आणि ते आलं तर दाव्याला बाधू शकतं, हे मला पुरतं ठाऊक आहे. भावजयीला विचारूनच लिहायला बसले. ती म्हणाली, ‘लिहा ताई. झालं ते झालं तसं लिहा.’

तर, एकेक तक्रार.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार तुमच्या कसोटीबद्दल. दोर असेल तर गिर्यारोहण, नसेल तर ट्रेक. कागदावर छान दिसतं. सह्याद्रीत एक दिवस टिकत नाही.

ढाकच्या बहिरीला तुम्ही सगळे गेला आहात. कड्याच्या पोटातली ती गुहा, तिथे जाणारा आडवा कातळ, खोबण्या, दोर, झाडाचं खोड. त्या कातळावर देवाला नारळ घेऊन निघालेला माणूस अनवाणी जातो, कॉलेजातली पोरं घसरट बूट घालून जातात आणि तुमच्यातला एखादा रीतसर बिले घेऊन, म्हणजे दुसऱ्याने धरलेल्या सुरक्षेच्या दोरावर, जातो. तिघे एकाच खोबणीवरून घसरले तर तुमच्या हिशेबी एक भाविक, एक ट्रेकर आणि एक गिर्यारोहक. खोबण तीच, खालची दरी तीच. खांडसहून भीमाशंकरला शिडी घाटाने चढणाऱ्यांचं काय करणार? हरिहरच्या पायऱ्यांना तर दोरच लागत नाही, पण पावसाळ्यातल्या रविवारच्या गर्दीत त्या उतरताना माझ्या भावासारख्या माणसाचेही हात ओले होत. अलंग-मदनला दोराचे टप्पे मोजके, बाकी सगळी चाल. मग माणूस दिवसभरात चार वेळा गिर्यारोहक होतो आणि पाच वेळा ट्रेकर? माझा भाऊ अकरा वाजता तुमच्यातला होता आणि सव्वाअकराला नव्हता, असं तुमचं पत्र सांगतं.

हिमालयात ही कसोटी आणखीनच फसते. तुम्ही तिकडचे जाणकार, मी वाचून सांगते आहे, चुकलं तर सुधारा. नेपाळमधलं आयलंड पीक ६,१८९ मीटर, मेरा ६,४७६. दोन्हींना ‘ट्रेकिंग पीक’ म्हणतात. तिथे क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांना बांधायचे खिळे, लागतात, बर्फाची कुऱ्हाड लागते, वरच्या टप्प्यात लावलेल्या दोराला जुमार नावाची पकड अडकवून चढावं लागतं. तिथे कुणी गेलं तर शिखराच्या नावावर जाणार की दोरावर?

आणि उलट बाजू बघा. २५ एप्रिल २०१५ चा भूकंप. पुमोरी शिखराच्या बाजूने हिमलोट आला आणि एव्हरेस्टच्या बेस कॅम्पवर आदळला. वीसच्या आसपास माणसं गेली. कुणी तंबूत होतं, कुणी स्वयंपाकाच्या तंबूत. त्यांच्यापैकी कितीकांच्या अंगावर त्या क्षणी दोर नव्हता, पट्टाही नव्हता. जागाही अशी की साधे बूट घालून हजारो ट्रेकर दरवर्षी तिथे फोटो काढायला जातात. तरी त्या सगळ्यांना जगाने एव्हरेस्टचे बळी म्हटलं आणि बरोबरच म्हटलं. त्याच्या सहा महिने आधी, ऑक्टोबर २०१४ मध्ये, हुदहुद वादळाची शेपूट अन्नपूर्णा आणि धौलागिरीच्या भागात पोचली आणि थोरांग ला या खिंडीच्या परिसरात हिमवादळ झालं. चाळीसहून जास्त माणसं गेली. त्यांत ट्रेकर, वाटाडे, हमाल, स्थानिक गुराखी सगळे होते. याला मात्र ट्रेकिंगची दुर्घटना म्हणतात. एव्हरेस्टचा बेस कॅम्प सुमारे ५,३६४ मीटरवर, थोरांग ला ५,४१६ वर. म्हणजे ‘ट्रेक’वाले पन्नास मीटर वर गेले होते. मी हिशेब दोनदा तपासला.

काठमांडूत एलिझाबेथ हॉली नावाच्या अमेरिकन बाई होत्या, तुम्हाला माहीत आहेतच. २०१८ मध्ये गेल्या. पन्नासेक वर्षं आलेल्या प्रत्येक मोहिमेला हॉटेलात गाठून त्या विचारायच्या : कुठल्या बाजूने गेलात, कुठल्या उंचीवर काय झालं, चढताना की उतरताना. स्वतः कधी शिखर चढल्या नाहीत. त्यांच्या नोंदी मोहिमांपुरत्या होत्या, ट्रेकर त्यात नाहीत, ही मर्यादा आहेच. पण मोहिमेतला पगारी माणूस त्यांच्या कागदावर वेगळ्या रकान्यात का होईना, यायचा. बाई कारकून वृत्तीच्या असाव्यात, म्हणून मला जवळच्या वाटतात.

यावरूनच दुसरी तक्रार. तुमच्या फॉर्ममध्ये वाटाड्याला जागाच नाही. माझ्या भावाच्या सॅकचा बंद धरणाऱ्या माणसाचा गुडघा कायमचा गेला. आता तो घाट उतरू शकत नाही, म्हणजे ती कमाई बुडाली. जखमींच्या तुमच्या यादीत तो नाही. मी फोन करून विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘ते स्थानिक ग्रामस्थ होते.’ होते ना. म्हणून तर वाट दाखवत होते. १८ एप्रिल २०१४ ला एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबूच्या हिमप्रपातात सोळा नेपाळी कामगार गेले. ते मजुरीवर होते म्हणून गिर्यारोहण अपघातात धरू नयेत, असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही. नेपाळ सरकारने आधी प्रत्येक कुटुंबाला चाळीस हजार नेपाळी रुपये देऊ केले तेव्हा शेर्पा केवढे चिडले, हे मात्र वाचलं. आपल्याकडच्या वाटाड्याला चिडायलाही कुणी कागद दिलेला नाही.

तिसरी गोष्ट तक्रार नाही, तुमची बाजू आहे. ती मी मांडते, कारण तुमच्यातल्या एकाने ती मला फोनवर मोकळेपणाने सांगितली आणि मला ती पटली. ते म्हणाले, ‘ताई, धबधब्याखाली सेल्फी काढताना गेलेला, दारू पिऊन कड्यावर गेलेला, सगळे आमच्या नावावर मांडले तर उद्या जिल्हाधिकारी सरसकट गडबंदी करतील. आम्ही चाळीस वर्षं शिस्तीने डोंगर चढतोय.’ ही भीती खोटी नाही. जून उजाडला की मनाई आदेश निघतात, आधी कलम १४४ खाली, आता नव्या संहितेच्या १६३ खाली, आणि शिस्तीतला आणि बेशिस्त असा फरक आदेश करत नाही. वर्तमानपत्रही करत नाही. कुणीही कुठेही पडला तरी मथळा ‘ट्रेकरचा मृत्यू’. तुमची चिडचिड मी समजू शकते.

पण त्यावरचा उपाय माणसं यादीबाहेर ठेवणं कसा? रकाना वेगळा करा. ‘धबधब्यावर, पर्यटनासाठी, मद्यपान केलेलं’ असं लिहा की. तुम्ही लिहिलं नाही तर दुसरं कुणी लिहिणार आहे असंही नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या वार्षिक अहवालात माझा भाऊ ‘उंचावरून पडून’ या गटात जाणार, इमारतीच्या परांचीवरून पडलेल्या गवंड्याच्या शेजारी. गवंड्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, त्याचीही हीच गत. पण त्या आकड्यातून जिल्हाधिकाऱ्यांना काय कळणार, कुठली वाट, कुठला महिना? काही हाती नसलं की माणूस सगळंच बंद करतो.

बाय द वे, जागतिक आरोग्य संघटनेने हा घोळ आपल्यापुरता केव्हाच निकालात काढलाय. मृत्यूच्या कारणांना कोड घालणं माझं काम नाही, ते वरच्या कार्यालयात होतं, पण या प्रकरणानंतर मी संघटनेचं रोगवर्गीकरणाचं पुस्तक चाळलं. दहाव्या आवृत्तीत कड्यावरून पडण्याला स्वतंत्र कोड आहे, डब्ल्यू १५. आणि अपघाताच्या वेळी माणूस काय करत होता यासाठी वेगळा आकडा. खेळ किंवा व्यायाम असेल तर शून्य. त्या शून्याखाली उदाहरणं दिली आहेत : गोल्फ, पोहणं, घोडेस्वारी आणि त्याच ओळीत ट्रेकिंग. कशावरून पडला हे एका रकान्यात, काय करत होता हे दुसऱ्या. कोण होता, हा रकानाच नाही.

चौथी तक्रार शिकण्याची. तुमच्या वार्षिक पुस्तिकेत लिहिलंय की नोंदीचा उद्देश ‘पुढील अपघात टाळणे’. मग बघा. फक्त दोरावरचे अपघात मोजले की निष्कर्ष निघणार की धोका दोरावर आहे, आणि शिबिरात तुम्ही गाठी शिकवणार, अँकर, म्हणजे दोर कातळाला पक्का करणं, शिकवणार. शिकवाच. पण माझा भाऊ गाठ सुटून गेला नाही. अवघड टप्पा झाला, पट्टा सोडला, पोटात चिक्की गेली, गप्पा सुरू झाल्या, उतार सुरू झाला, मग गेला. असे किती गेले? पट्टा सोडल्यापासून अर्ध्या तासात? हे तुम्हाला सांगता येणार नाही, कारण अशी माणसं तुम्ही नोंदीच्या दारातूनच परत पाठवता. स्वित्झर्लंडमध्ये अल्पाइन क्लब डोंगरातल्या सगळ्या आणीबाणीच्या घटना एका वार्षिक अहवालात घेतो, चालणाऱ्यांच्या, चढणाऱ्यांच्या, बर्फावरच्या, आणि आत गट पाडतो. त्यामुळे पायवाटेवर किती जण जातात हे त्यांना दिसतं, आणि ते थोडे नसतात. अमेरिकन अल्पाइन क्लब १९४८ पासून दरवर्षी अपघातांचे वृत्तांत छापतो, काय झालं आणि कुठे चुकलं असे. मेलेल्याची चूक असेल तर तीही लिहितात, सभ्यपणे. माझ्या भावाची चूक असेल तर लिहा. गवत वाळलेलं होतं, बुटाचे तळ झिजले होते. घरी जोडा आहे, मी बघितलाय. बदलायचे म्हणत होता.

पाचवी तक्रार लहान आहे. निर्णय तिघांनी घेतला, एका संध्याकाळी, बरोबरच्या सहा जणांपैकी एकालाही न विचारता. माझ्या कार्यालयात एका अक्षराची दुरुस्ती करायची तरी दोन पुरावे लागतात.

आणि एक, जिला तक्रार म्हणता येईल का मला माहीत नाही. तुमच्या वार्षिक मेळाव्यात त्या वर्षी गेलेल्यांची नावं वाचतात, सगळे उभे राहतात. २०२० च्या जानेवारीत हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत गेले, त्यांचं नाव वाचायचं का असा प्रश्न कुणाच्या मनातही आला नसेल. २०१९ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर महाराष्ट्रातले दोघे गेले, त्यांच्याबद्दलही नाही. यायलाही नको. भाऊ दर वर्षी त्या मेळाव्याला जायचा, खुर्च्या मांडायला. नऊ वर्षं तुमच्या प्रस्तरारोहण शिबिरांत त्याने दोर वाहिले, पोरांना गाठी शिकवल्या. हे मी आधीच्या तीन पत्रांत लिहिलं नव्हतं, मुद्दाम. त्याने एकही दोर वाहिला नसता, पहिल्यांदाच डोंगरात गेला असता, तरी माझं म्हणणं हेच राहिलं असतं. पण आईने विचारलं, ‘त्याचं नाव कधी वाचणार आहेत?’ आणि तिला ‘सबब’ समजावून सांगायला मला जमलं नाही. बोलता बोलता तुमच्यातले लोक म्हणून जातात, ‘तो तसा ट्रेकर होता.’ त्या ‘तसा’मध्ये काय असतं ते तुम्हालाही कळतं. दोरावर गेला तर शर्थ केली आणि घसाऱ्यावर गेला तर बेसावध होता.

तर मागण्या. माझ्या सवयीप्रमाणे क्रमाने.

१. नोंद एकच ठेवा, ‘डोंगरातील अपघात’ या नावाने. गिर्यारोहण, ट्रेक, प्रस्तरारोहण, यात्रा, पर्यटन हे आतले रकाने असू द्यात. आत यायचं दार एक असू द्या.

२. दोराच्या रकान्यात ‘होता / नव्हता’ एवढंच नको. ‘सोबत होता पण लावला नव्हता’ आणि ‘नुकताच सोडला होता, किती मिनिटांपूर्वी’ हेही हवं. शिवाय चढताना की उतरताना, पायाखाली काय होतं, किती वाजले होते, किती तास चाल झाली होती.

३. वाटाडे, हमाल, बचावपथकातली माणसं, गुराखी, भाविक, सगळ्यांची नोंद व्हावी, मृतांची आणि जखमींची. सुरुवात एका गुडघ्यापासून करता येईल. पत्ता माझ्याकडे आहे.

४. एखादं नाव एखाद्या रकान्यात घालण्याआधी बरोबरच्या लोकांना विचारा, घरच्यांना कळवा, कारण लेखी द्या. घरच्यांना ते पटलं नाही तर पुन्हा ऐकून घ्यायची सोय ठेवा.

५. विमा कंपन्यांना आणि विमा नियामकाला तुम्ही पत्र लिहा. आरोग्य विम्यासाठी नियामकाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या अपवादात ‘व्यावसायिक म्हणून’ साहसी खेळात भाग घेतला असेल तर, असे शब्द आहेत आणि गिर्यारोहणाचं नाव तिथे आहे. भावाची पॉलिसी अपघात विम्याची. तिच्यात ‘व्यावसायिक’ नाही, व्याख्या नाही, नुसतं ‘गिर्यारोहण’. या शब्दाचा अर्थ राज्यात कुणी सांगू शकत असेल तर तुम्ही. निदान एवढं सांगा की सॅकमध्ये पट्टा असणं हा काळजीचा पुरावा असतो. नसता नेला, तर कदाचित पैसे मिळाले असते. असा धडा पोरांनी घेऊ नये.

६. राज्याच्या पर्यटन विभागाने २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात आयोजकांची नोंदणी आणली. आयोजकांची नोंद आहे तशी अपघातांचीही असावी, यासाठी तुमची वही त्यांच्यापुढे ठेवा. तुम्ही ठेवली तर ते बघतील. मी ठेवली तर आवक क्रमांक मिळेल.

यातलं काहीही खर्चाचं नाही. फॉर्मचा कच्चा नमुना मी करून सोबत जोडला आहे, दोन पानी आहे. रकाने आखणं मला जमतं.

पुढची बैठक कधी आहे ते कळवावं. मला पाच मिनिटं पुरतील. येताना पंचनाम्याची प्रत आणेन आणि पोलिसांनी परत दिलेला पट्टाही. कमरेचा बंद सैल केलेला आहे, पण मांड्यांचे दोन्ही बंद अजून त्याच्याच मापाला आहेत. आईने तो धुवायला काढला होता. मी धुऊ दिला नाही.

कळावे,

आपल्या यादीबाहेरच्या एकाची बहीण